‘कधी कधी’ म्हणजे किती?

‘सुरू केलेलं काम पूर्ण करत नाही.’ या विधानापुढे तीन चौकटी आहेत: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. आईने मधल्या चौकटीत खूण केली आहे, वर्गशिक्षिकेने शेवटच्या. मुलगा एकच, वय वर्षं नऊ. दोघींनीही विचार करून, प्रामाणिकपणे उत्तर दिलं आहे. अशी साठ ते ऐंशी विधानं असलेली श्रेणी, म्हणजे मुलाची ‘कार्यकारी क्षमता’ मोजणारी प्रश्नावली, भरून झाली की खुणांचे गुण होतात, गुणांची बेरीज होते, तक्त्यावरून त्या बेरजेचा एक प्रमाणित गुणांक निघतो आणि तो अहवालात ठळकपणे छापला जातो. मुलाला वर्गात जादा मदत द्यायची का, परीक्षेला वाढीव वेळ द्यायचा का, औषधाचा विचार करायचा का, हे ठरवायला बसलेली माणसं मग त्या आकड्याकडे बघत असतात.

हा आकडा कसा तयार होतो याची विचारपूस पालकांनी, शिक्षकांनी आणि धोरण आखणाऱ्यांनी करायला हवी. ती फार क्वचित होते. ‘ही श्रेणी प्रमाणित आहे’ एवढं वाक्य कानावर पडलं की प्रश्न संपतात. माझं म्हणणं असं आहे की त्या वाक्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. कोणासाठी, कोणत्या निर्णयासाठी, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या उत्तरांवरून प्रमाणित, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धवट राहतं. अर्धवट वाक्यावर मुलाचं वर्ष ठरवणं मला मान्य नाही.

आधी मोजायचं काय आहे ते पाहू. एक्झिक्युटिव्ह फंक्शन, म्हणजे कार्यकारी क्षमता, हे एका छत्रीचं नाव आहे. माहिती मनात धरून तिच्यावर काम करणं, तोंडावर आलेलं उत्तर किंवा हाताशी आलेली कृती रोखून धरणं, एक रीत लागू पडेना की दुसरी धरणं, कामाला आपणहून सुरुवात करणं, वेळेचा अंदाज घेणं, आपली चूक आपल्या लक्षात येणं, हे सगळं त्या छत्रीखाली येतं. अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० साली १३७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून दाखवलं की स्मृतीतली माहिती अद्ययावत करणं, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं आणि प्रतिसाद रोखणं या तीन क्षमता एकमेकींशी जोडलेल्या असूनही वेगळ्या आहेत. भावनांवरचा ताबा या यादीत धरायचा की नाही, पसारा आवरणं ही मेंदूची क्षमता म्हणायची की शिकवलेली सवय, यावर मात्र जाणकारांत आजही एकमत नाही. ज्या गोष्टीची हद्द पक्की नाही तिची पट्टी बनवायची आहे, हे भान पहिल्या दिवसापासून ठेवावं लागतं.

मग पट्टी हवीच कशाला, असं कोणी विचारेल. हवी, आणि त्याचं कारण भक्कम आहे. १९९१ साली टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिघांची बुद्धिमत्ता शाबूत होती, नेहमीच्या बऱ्याचशा चाचण्यांत ते व्यवस्थित उत्तीर्ण होत होते. पण बाजारपेठेत जाऊन काही साधी कामं ठरलेल्या नियमांत उरकून या, असं सांगितल्यावर त्यांची घडी विस्कटली. चाचणीच्या खोलीत असं का दिसत नाही? कारण तिथे समोर बसलेला परीक्षकच निम्मं काम करत असतो. सुरुवात कधी करायची ते तो सांगतो, टेबलावर एकच काम ठेवतो, वेळ तो मोजतो, थांबायलाही तोच सांगतो. ज्या क्षमतेची परीक्षा घ्यायची तीच त्याने उसनी दिलेली असते. म्हणून जे लोक त्या व्यक्तीला रोज बघतात त्यांना विचारावं, हा विचार पुढे आला. प्रौढांसाठीची २० विधानांची डेक्स प्रश्नावली १९९६ मध्ये आली. जिओया, इस्क्विथ, गाय आणि केनवर्दी यांची ब्रीफ ही ८६ विधानांची श्रेणी २००० मध्ये आली आणि ५ ते १८ वयाच्या मुलांसाठी जगभर वापरात गेली. पाठोपाठ बार्कलींची प्रौढांसाठीची श्रेणी, नाग्लिएरी आणि गोल्डस्टाइन यांची श्रेणी, थोरेल आणि नायबर्ग यांची २४ विधानांची छोटी श्रेणी अशा कितीतरी आल्या.

आता अडचणीची गोष्ट. खोलीतली चाचणी आणि घरी-शाळेत भरलेली श्रेणी, दोन्ही एकाच क्षमतेचं माप असल्याचं सांगतात. मग त्यांचे निकाल जुळायला हवेत. टोपलॅक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २० अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये हा हिशेब मांडला. सहसंबंध म्हणजे दोन मापं किती बरोबरीने चढतात-उतरतात ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही. एकूण २८६ सहसंबंधांपैकी जेमतेम २४ टक्के सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निघाले आणि सगळ्यांचा मिळून मध्यक होता ०.१९. याचा वर्ग केला तर चार टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे एका मापातल्या चढउतारांपैकी शेकडा चारसुद्धा दुसऱ्या मापाशी सामायिक नाहीत.

या निकालावर काही जण म्हणाले की श्रेण्या म्हणजे पालकांची मतं, त्यांना टाकून द्या. काही म्हणाले की चाचण्याच कृत्रिम आहेत. मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. माणूस शिकस्त केल्यावर काय करू शकतो आणि एरवी रोज काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मानसमापनात, म्हणजे मनाचे गुण मोजण्याच्या शास्त्रात, हा फरक मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाकच्या काळापासून शिकवला जातो. शांत खोलीत, अनोळखी माणसापुढे, दहा मिनिटं आवेग रोखणारं मूल दुपारच्या शेवटच्या तासाला तो रोखेलच असं नाही. दोन्ही मापं उपयोगी असू शकतात. चूक आहे ती दोघांना एकच नाव देण्यात. अहवालात ‘कार्यकारी क्षमता कमी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते कोणत्या मापावरून, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. बहुतेक अहवालांत ते शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं.

श्रेणी भरणारा माणूस हा त्या मापाचाच भाग असतो, हेही आपण विसरतो. आकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मुलांच्या वर्तनसमस्यांवरचे ११९ अभ्यास तपासले. आई आणि वडील, किंवा दोन शिक्षक, अशा एकाच प्रकारच्या निरीक्षकांत सरासरी सहसंबंध ०.६० होता. पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या प्रकारच्या निरीक्षकांची जोडी घेतली की तो ०.२८ वर येई. मूल स्वतःबद्दल जे सांगतं आणि इतर त्याच्याबद्दल जे सांगतात त्यांच्यात ०.२२. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे, कारण आई आणि शिक्षिकेची उत्तरं जुळली नाहीत की लगेच ‘आई पांघरूण घालते’ किंवा ‘शिक्षिकेचा आकस आहे’ अशी कुजबुज सुरू होते. खरं तर न जुळणं हाच नियम आहे.

निरीक्षक तुलना कोणाशी करतो, यावरही बरंच अवलंबून असतं. ‘इतर मुलांच्या मानाने’ असं विचारलं की शिक्षकाच्या डोळ्यासमोर त्याचा वर्ग येतो आणि वर्गात जवळपास एक वर्षाचा फरक असलेली मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. अमेरिकेतला २०१८ सालचा एक मोठा अभ्यास पाहा. जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरला वय मोजतात, त्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यांत लहान ठरतात, सप्टेंबरची सगळ्यांत मोठी. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान ऑगस्टच्या मुलांत दर १०,००० मागे सुमारे ८५ होतं, सप्टेंबरच्या मुलांत सुमारे ६४. जिथे ही तारीख नव्हती तिथे असा फरक दिसला नाही. मेंदू तोच, वाढीचा वेग तोच, फक्त शेजारी कोण बसलं आहे ते बदललं. त्यामुळे श्रेणीची मानकं, म्हणजे तुलनेसाठी धरलेले त्या वयाचे गुण, ‘८ वर्षं’, ‘९ वर्षं’ अशी ढोबळ वयोगटांत देऊन भागणार नाही. शिक्षकाने भरलेल्या प्रतीसाठी तरी वर्गातलं मुलाचं सापेक्ष वय गुणांक वाचताना समोर असायलाच हवं.

श्रेणी घडवण्याच्या कामात ज्या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे विधानांची भाषा. आकडेमोडीचे कार्यक्रम संगणकात तयार असतात, ती करायला सगळे उत्सुक असतात. एक वाक्य नीट लिहायला मात्र आठवडा जातो आणि त्याचं श्रेय कोणाला मिळत नाही. सुरुवातीला दिलेलं विधान परत वाचा: ‘सुरू केलेलं काम पूर्ण करत नाही.’ त्यापुढे पर्याय आहे ‘कधीच नाही’. आता ज्या आईला म्हणायचं आहे की माझा मुलगा काम कधीच पूर्ण करत नाही, तिची खूण कुठे पडेल? नकारार्थी विधान आणि नकारार्थी पर्याय एकत्र आले की मराठीत वाक्य नेमकं उलटं वाचलं जाऊ शकतं. जिला सर्वांत जास्त अडचण सांगायची आहे तिच्या उत्तराला शून्य गुण पडतील. ‘काम अर्धवट सोडतो’ एवढा बदल केला तर हा सापळा नाहीसा होतो. पण तो सापळा आहे हे कळण्यासाठी कोणाला तरी त्या आईशेजारी बसून ‘तुम्ही हे वाचलंत तेव्हा मनात काय आलं, ते बोलून दाखवा’ असं विचारावं लागतं. अशा दहा-पंधरा मुलाखतींतून जे कळतं ते पाचशे भरलेल्या प्रतींच्या विश्लेषणातून कळत नाही, कारण चुकीचं वाचलेलं उत्तरही संगणकाला बरोबर वाचलेल्या उत्तरासारखंच दिसतं.

शब्दांची निवड तर आणखी नाजूक. विसरभोळा, वेंधळा, धांदरट, उतावळा, हट्टी: यातला प्रत्येक शब्द वर्तनाचं वर्णन करता करता मुलाचा न्यायही करून टाकतो. ‘विसरभोळा’त माया आहे, ‘वेंधळा’त वैताग. ज्या पालकाला मुलाचा राग आलेला आहे तो ‘वेंधळा’वर पटकन खूण करेल, ज्याला कीव येते तो करणार नाही. आपण मोजायला गेलो स्मृती आणि मोजला पालकाचा त्या दिवसाचा मूड. म्हणून विधानात डोळ्यांना दिसणारी कृती हवी: ‘तीन गोष्टी करायला सांगितल्या तर पहिलीच लक्षात राहते.’ त्यात ‘आणि’ नको, कारण ‘वस्तू विसरतो आणि हरवतो’ याला विसरणाऱ्या पण न हरवणाऱ्या मुलाचा पालक काय उत्तर देणार? वारंवारताही शक्यतो मोजता येईल अशी हवी. ‘कधी कधी’ हे एकाला आठवड्यातून एकदा वाटतं, दुसऱ्याला दिवसातून दोनदा. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस’ हा प्रश्न रुक्ष आहे, पण त्याचं उत्तर दोन घरांत एकच अर्थ ठेवतं.

भाषांतरित श्रेण्यांत हा प्रश्न दुप्पट होतो. नेहमीची पद्धत म्हणजे एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने ते न बघता उलट भाषांतर करायचं आणि मूळ वाक्य परत मिळालं की समाधान मानायचं. पण ‘उतावळा’ लिहा की ‘आवेगी’, दोन्हींवरून परत येणारा परका शब्द एकच असू शकतो. एक शब्द घरात बोलला जातो, दुसरा पुस्तकात राहतो, ही गोष्ट उलट भाषांतरात हरवते. आणि शब्द उत्तम उतरले तरी मूळ भाषेतली मानकं सोबत येत नाहीत. दोन भाषांत किंवा दोन गटांत तोच गुणांक तेच सांगतो का, हे वेगळं तपासावं लागतं. घटकांची, म्हणजे एकत्र चढणाऱ्या-उतरणाऱ्या विधानांच्या गटांची, रचना सारखी आहे का, प्रत्येक विधान घटकाशी तेवढ्याच घट्टपणे जोडलेलं आहे का, आणि तेवढीच अडचण असलेली दोन मुलं दोन्हीकडे तेवढेच गुण मिळवतात का. तिसरी पायरी ओलांडल्याखेरीज दोन गटांच्या सरासरीची तुलना करण्यात अर्थ नाही.

प्रसिद्धिपत्रकात मात्र सर्वांत पुढे असतो तो क्रॉनबाकचा अल्फा, म्हणजे श्रेणीतली विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा. ‘विश्वसनीयता ०.९१’ असं वाचून छान वाटतं. गणित पाहा. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.२ असेल, म्हणजे तसा क्षीणच, तर २० विधानांचा अल्फा ०.८३ येतो. तोच सहसंबंध ठेवून विधानं ४० केली की तो ०.९१ होतो. विधानांचा दर्जा तोच, नुसती संख्या वाढली. एकाच गोष्टीला पाच शब्दांत फिरवून विचारलं तर अल्फा आणखी चढतो. शिवाय सगळी उत्तरं एकाच माणसाची असतात. थॉर्नडाइकने १९२० मध्येच दाखवलं होतं की एखाद्याबद्दलचं एकूण मत त्याच्या प्रत्येक गुणाच्या मूल्यमापनात झिरपतं. घटक विश्लेषणातून एक भला मोठा सामान्य घटक निघतो तेव्हा त्यातला किती भाग मुलाचा आणि किती भरणाऱ्याच्या मताचा, हे त्या आकडेमोडीतून सुटत नाही. २०१५ च्या नव्या ब्रीफमध्ये विधानं ८६ वरून ६३ झाली आणि दोन मुख्य निर्देशांकांच्या जागी तीन आले. नव्या माहितीप्रमाणे रचना बदलली हे चांगलंच झालं. पण अहवालातली उपश्रेण्यांची नावं म्हणजे मेंदूतल्या तितक्या खोल्या नव्हेत, हे यातून सगळ्यांनी उमजून घ्यावं.

आता सप्रमाणतेकडे, म्हणजे माप जे मोजायचं तेच मोजतं का या प्रश्नाकडे. क्रॉनबाक आणि मील यांनी १९५५ मध्ये मांडलं की दिसत नसलेल्या गुणाचं माप खरं आहे की नाही, हे त्याच्या भोवतीच्या सिद्धान्ताच्या जाळ्यातून, अनेक अंदाज तपासून ठरतं. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये आणखी एक अट घातली: माप ज्याच्याशी जुळायला हवं त्याच्याशी जुळावंच, पण ज्याच्याशी जुळू नये त्याच्याशी जुळू नये. दुसरी अट पाळणं कठीण आहे, म्हणून तिच्याबद्दल कमी बोललं जातं. सर्वाधिक दाखवला जाणारा पुरावा म्हणजे ‘एडीएचडी असलेल्या मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त आले’. पण ते निदान कशावरून झालं होतं? त्याच पालकांच्या, त्याच शिक्षकांच्या सांगण्यावरून. निदानाच्या निकषांतच ‘सूचना शेवटपर्यंत पाळत नाही, काम पूर्ण करत नाही’ अशी वाक्यं आहेत. तेच वाक्य दोनदा विचारून उत्तर जुळलं, याला पुरावा म्हणणं मला पटत नाही.

खरा पुरावा वेगळा असतो. आजच्या गुणांकावरून, बुद्धिमत्ता आणि लक्ष यांचा हिशेब वगळल्यावरही, वर्षभरानंतरची अडचण सांगता येते का? अपुरी झोप घेणारं, कमी ऐकू येणारं, भेदरलेलं किंवा खिन्न मूल या श्रेणीत वेगळं दिसतं का? बहुधा दिसत नाही, कारण अर्धवट राहिलेलं काम या सगळ्यांत सारखंच दिसतं. मदत दिल्यावर गुणांक हलतो का? हे प्रश्न विचारायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून ते ‘पुढील संशोधनासाठी’ ठेवले जातात आणि श्रेणी मात्र वापरात जाते.

आणि सीमारेषा. प्रमाणित गुणांकाची सरासरी ५०, प्रमाण विचलन १०, रेषा बहुधा ६५ वर. विश्वसनीयता ०.९० धरली तरी मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणांक खऱ्या मूल्यापासून साधारण किती ढळू शकतो ते, सुमारे ३.२ येते, म्हणजे ९५ टक्के खात्रीसाठी दोन्हीकडे सहा गुण सोडावे लागतात. ६६ आणि ६३ मिळवलेल्या दोन मुलांत फरक आहे असं म्हणायला आधार उरत नाही, पण एकाला मदत मिळते आणि दुसऱ्याला नाही. सरसकट चाळणीचा प्रश्न याहून गंभीर. १,००० मुलांत ५० जणांना खरी अडचण आहे असं समजा. श्रेणी त्यातल्या ८० टक्के मुलांना अचूक पकडते आणि अडचण नसलेल्या ८० टक्के मुलांना अचूक वगळते. मग ४० मुलं बरोबर सापडतील आणि उरलेल्या ९५० पैकी १९० वर विनाकारण शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या २३० मध्ये खरी अडचण असलेली फक्त ४०, म्हणजे साधारण सहातलं एक. हीच श्रेणी दवाखान्यात, जिथे येणाऱ्या निम्म्या मुलांना खरोखर अडचण असते, तिथे पाचांतली चार नावं बरोबर काढेल. श्रेणी तीच आहे. म्हणून दवाखान्यातल्या पुराव्यावर शाळेभर फॉर्म वाटण्याला माझा विरोध आहे.

‘त्रुटी कशात नसते? श्रेणी नको तर शिक्षकाच्या नुसत्या मतावर सोडायचं का?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि तो रास्त आहे. नुसत्या मतापेक्षा श्रेणी नक्कीच बरी. ती सगळ्यांना तेच प्रश्न विचारते, लिहून ठेवते, सहा महिन्यांनी परत विचारता येतं. मी तिच्या बाजूचाच आहे आणि म्हणूनच तिच्याकडून जास्त मागतो. ज्या श्रेणीवर सार्वजनिक व्यवस्थेतले निर्णय होतात तिची विधानं, मानकांचा नमुना, प्रत्येक भाषेतले आणि गटातले निकाल सर्वांना तपासता यायला हवेत. थोरेल आणि नायबर्ग यांची श्रेणी विनामूल्य उपलब्ध आहे, तेव्हा हे अशक्य नाही. विधानं उघड केली तर माप बिघडेल, ही सबब कोडी सोडवायच्या चाचण्यांना लागू पडते. इथे तर पालक विधानं वाचूनच उत्तर देतो, त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

आणि गुणांकाच्या आधी विधानं वाचली जावीत. त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला कोणी विचारलं असतं की ‘कधी कधी’ का, तर ती सांगू शकली असती: मी शेजारी बसते, एक गणित झालं की पुढचं दाखवते, मग तो पूर्ण करतो, उठून गेले की थांबतो. शिक्षिकेला विचारलं असतं तर कळलं असतं की ती पाच गणितं एकदम फळ्यावर लिहिते आणि तो तिसऱ्यापाशी अडकून बसतो. मुलालाही विचारता आलं असतं. त्याने कदाचित सांगितलं असतं की तिसरं सोडवताना चौथं दिसतं आणि मग कुठे होतो तेच कळत नाही. उद्याच्या तासाला एक एक गणित वेगळ्या चिठ्ठीवर देऊन बघायला एवढं पुरेसं होतं.